संथ आहे, मान्य. पण उगाच आहे का?

‘महान’ आणि ‘पकाऊ’ हे दोन शब्द एकाच सिनेमाबद्दल, एकाच संध्याकाळी, एकाच वर्गातल्या मुलांकडून ऐकायला मिळणं तसं दुर्मीळ. आंद्रेई तार्कोव्हस्कीच्या ‘स्टॉकर’च्या बाबतीत मात्र ते नेहमीचंच. आपल्या मंडळाने तो दृक्-श्राव्य कक्षात दाखवला त्याला आता महिना होईल, तरी ग्रुपवरचा वाद थांबायला तयार नाही. एका बाजूचं म्हणणं, जगातल्या उत्तम चित्रपटांच्या यादीतला सिनेमा आपल्याला आवडला नाही, तर कमी आपल्यात आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तीन माणसं पावणेतीन तास ओल्या गवतातून चालतात आणि शेवटी जिथे जायचं तिथे जातच नाहीत, याला गोष्ट कोण म्हणेल?

मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. माझं मत थोडक्यात असं: ‘स्टॉकर’ची कीर्ती रास्त आहे, पण ती ज्या कारणांनी सांगितली जाते त्यातली बरीचशी फोल आहेत. खरं कारण त्याच्या संथपणात आहे, म्हणजे नेमकी ज्याची तक्रार आहे त्यातच. आणि हा संथपणा सगळीकडे सारखा कामाला येत नाही, हेही तितकंच खरं.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट. १९७९ सालचा हा सोव्हिएत चित्रपट, लांबी १६३ मिनिटं. अर्काडी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या भावांच्या ‘रोडसाइड पिकनिक’ या १९७२ सालच्या विज्ञान कादंबरीवरून त्या दोघांनीच पटकथा लिहिली. नावाचा घोळ इथेच मिटवू. आज ‘स्टॉकर’ म्हटलं की एखादीच्या मागे लागलेला त्रासदायक माणूस डोळ्यांपुढे येतो. या सिनेमातला स्टॉकर हा वाटाड्या आहे. कुठल्याशा देशात ‘झोन’ नावाचा एक प्रदेश आहे. तिथे उल्का पडली की आणखी काही झालं, कुणाला नक्की सांगता येत नाही. पाठवलेलं सैन्य परतलं नाही, म्हणून सरकारने भोवती कुंपण घालून पहारा बसवला. झोनच्या आत एक खोली आहे आणि त्या खोलीत जाणाऱ्याच्या मनातली सर्वांत खोल इच्छा पुरी होते म्हणतात. स्टॉकर लोकांना चोरून तिथवर नेतो. या खेपेला त्याच्यासोबत दोघे आहेत, एक लेखक आणि एक प्रोफेसर. लेखकाला आटलेली प्रेरणा परत हवीय. प्रोफेसर कुतूहलापोटी आलोय असं सांगतो, पण त्याच्या पिशवीत वीस किलोटनांचा बॉम्ब आहे. उद्या एखादा हुकूमशहा तिथे पोचला तर काय, या भीतीने त्याला ती खोलीच उडवायची आहे. तिघेही उंबरठ्यापर्यंत पोचतात. आत कुणीच जात नाही. बॉम्बचे भाग सुटे करून पाण्यात फेकले जातात आणि मंडळी घरी परततात.

एवढंच.

आता आधी फोल कारणं बाजूला काढू. पहिलं म्हणजे याद्या. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या २०१२ सालच्या समीक्षक-मतदानात ‘स्टॉकर’ एकोणतिसाव्या क्रमांकावर होता. छान. पण यादी हा पुरावा नव्हे. आपल्या पणजीत २००४ पासून इफ्फी भरतो, तेव्हा आपण तर ही गंमत जवळून बघतो. रांगेत उभे राहून तार्कोव्हस्कीचं नाव फेकणाऱ्यांपैकी किती जण अर्ध्या सिनेमात मोबाइल काढून बसतात, हे मागच्या रांगेतून स्पष्ट दिसतं. ‘मला कळलं नाही’ असं म्हणायची लाज वाटू लागली की कीर्ती खरी की उसनी, हे तपासायची सोयच राहत नाही. त्या अर्थी ग्रुपवर सरळ ‘पकलो’ लिहिणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत.

दुसरं कारण भविष्यवाणीचं. चेर्नोबिलचा अपघात १९८६ साली झाला, त्यानंतर तिथेही माणसं नसलेला, कुंपण घातलेला प्रदेश तयार झाला आणि तिथे चोरून फिरणाऱ्यांनी स्वतःला ‘स्टॉकर’ म्हणवून घेतलं. २००७ मध्ये एका युक्रेनी कंपनीने या सगळ्याची सांगड घालून कॉम्प्युटर गेम काढला, तो आपल्यातल्या काहींनी खेळलाही असेल. पण म्हणून तार्कोव्हस्कीला सात वर्षं आधी सगळं दिसलं होतं, हे म्हणणं म्हणजे पत्रिका मागाहून जुळवणं. सिनेमात अणुभट्टीचा स्फोट नाही. नंतर घडलेल्या गोष्टीचं श्रेय आधीच्या कलाकृतीला देऊ नये, मग योगायोग कितीही अंगावर काटा आणणारा असो.

तिसरं कारण कष्टांच्या कहाण्यांचं. पहिल्या वर्षी चित्रित केलेला बराचसा भाग फिल्म धुताना बिघडला आणि पुन्हा चित्रित करावा लागला. छायालेखक बदलला. चित्रीकरण एस्टोनियात, टॅलिनजवळच्या यागाला नदीकाठच्या जुन्या जलविद्युत केंद्रांच्या परिसरात झालं. वरच्या अंगाला असलेल्या रासायनिक कारखान्याच्या पाण्यामुळे पुढे काही जण आजारी पडले, असं त्यांच्याच एका सहकाऱ्याने सांगितलं आहे. ऐकून वाईट वाटतं. पण स्वयंपाक करताना हात भाजला म्हणून आमटी चविष्ट ठरत नाही. पडद्यावर काय आहे, एवढंच बघायला हवं.

मग पडद्यावर काय आहे? इथे विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो: यात विज्ञान कुठे आहे? आपण मराठी वाचक विज्ञानकथा शिकलो त्या जयंत नारळीकरांकडून. त्यांच्या कथेत एखादा वैज्ञानिक नियम असतो, त्या नियमातून पेच तयार होतो आणि उकलही त्यातूनच होते. ‘स्टॉकर’मध्ये यंत्र नाही, परग्रहवासी नाहीत, सूत्र नाही. मूळ कादंबरीत तरी परग्रहवासी येऊन गेल्याच्या खुणा आहेत. सहलीला आलेली माणसं कचरा टाकून निघून जातात आणि मुंग्यांना त्याचा उलगडा होत नाही, तशा त्यांनी टाकलेल्या वस्तू जागोजागी पडल्या आहेत, त्यांचा काळाबाजार चालतो. तार्कोव्हस्कीने हे सगळं गाळून टाकलं. उरलं काय, तर ओलं रान, गंजलेले रणगाडे, पाण्याने भरलेले बोगदे.

तरी मी याला विज्ञानकथाच म्हणेन. विज्ञानकथेचा मूळ प्रश्न ‘असं असतं तर?’ हा असतो आणि तो इथे अगदी काटेकोरपणे मांडलाय. इच्छा पुरवणारी जागा आपल्याला नवी नाही. कल्पवृक्षाखाली बसलेल्या वाटसरूची गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच ऐकली असेल. त्याने जेवण मागितलं, मिळालं. बिछाना मागितला, मिळाला. मग ‘आता वाघ आला तर?’ असा विचार मनात आला आणि वाघाने त्याला खाल्लं. कल्पवृक्ष निदान मनात आलेलं तरी देतो. झोनमधली खोली त्याच्याही पुढची आहे. ती तुम्ही मागितलेलं देत नाही, तुमच्या मनातही न आलेलं, तळाशी बसलेलं देते. सिनेमात ‘साळिंदर’ असं टोपणनाव असलेल्या एका जुन्या स्टॉकरची हकीकत येते. त्याच्यामुळे त्याचा भाऊ झोनमध्ये मेला. भावाचे प्राण परत मागायला तो खोलीत गेला. घरी आला तर भरपूर पैसा मिळाला. काही दिवसांनी त्याने गळफास लावून घेतला.

ही हकीकत दोन मिनिटांत सांगून होते. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की एवढ्याशा गोष्टीवर वीस मिनिटांची शॉर्ट फिल्म पुरली असती. इथेच माझा मतभेद आहे. शॉर्ट फिल्ममध्ये ती साळिंदरची गोष्ट झाली असती. पावणेतीन तासांत ती आपली होते. कशी, ते तीन जागांवरून सांगतो.

पहिली जागा रुळांवरच्या ट्रॉलीची. सुरुवातीचा शहरातला भाग तपकिरी, मळकट रंगात आहे. पहारा चुकवून तिघे मोटार-ट्रॉलीवर बसतात आणि झोनकडे निघतात. पुढची सुमारे साडेतीन मिनिटं पडद्यावर फक्त त्यांची डोकी, मान, कान आणि मागे सरकणारं धूसर काहीतरी. चाकांचा खडखडाट चालूच. मग कधीतरी लक्षात येतं की तो खडखडाट आता निव्वळ खडखडाट राहिलेला नाही, त्यात एद्वार्द आर्तेम्येव्हचं इलेक्ट्रॉनिक संगीत मिसळलंय. नेमकं कधी मिसळलं, हे सांगता येत नाही. आणि मग एकदम हिरवा रंग. दुसऱ्या कुणी एक कट मारून ‘आणि ते झोनमध्ये पोचले’ असं दाखवलं असतं. इथे आपण सीमा ओलांडतो आणि ती कुठे होती ते आपल्याला कळत नाही. हे ज्याला कंटाळवाणं वाटलं, त्याने पणजीहून सावर्ड्यापर्यंत पावसात बसने खिडकीशी बसून केलेला प्रवास आठवावा. काहीच घडत नाही आणि उतरताना आपण निराळेच असतो.

दुसरी जागा नटांची. नट-बोल्टातल्या नटांना पांढऱ्या चिंध्या बांधून स्टॉकर ते पुढे फेकतो, जिथे पडतील तिथवर एकेकाने चालत जायचं, मग पुढचा फेकायचा. समोर इमारत दिसतेय, शे-दोनशे पावलांवर, पण सरळ जायचं नाही. धोका काय? काहीही दिसत नाही. गवत हलतं, पाणी ठिबकतं. पूर्ण सिनेमात झोन कुणाला मारताना दिसत नाही, तरी अर्ध्या तासात आपणही पाऊल जपून टाकू लागतो. एकही स्पेशल इफेक्ट न वापरता भीती तयार करायची, तर साधन एकच उरतं: वेळ. इथे साधारण एकशे चाळीस शॉट्सवर सगळा सिनेमा उभा आहे, म्हणजे एकेक शॉट सरासरी मिनिटाहून मोठा. एवढा वेळ एकाच गवताकडे बघायला लावलं की डोळा आपोआप संशय घ्यायला लागतो.

डिचोली-सांग्याकडून येणाऱ्या आपल्या मित्रांना हे गवत जरा वेगळंच दिसलं असणार. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, त्यानंतर पाण्याने भरलेले खड्डे आणि गंजत पडलेली यंत्रं त्यांनी शाळेत जाता-येता पाहिली आहेत. माणूस काढून घेतल्यावर जमीन किती झपाट्याने हिरवी होते आणि तरीही ती पूर्वीसारखी होत नाही, हे त्यांना सिनेमाने शिकवायची गरज नाही.

तिसरी जागा उंबरठ्याची, आणि माझ्या मते सगळी कीर्ती याच एका शॉटवर सिद्ध होते. भांडून, थकून तिघेही खोलीच्या दाराशी ओल्या फरशीवर बसतात. कॅमेरा हळूहळू मागे सरकतो. प्रकाश बदलतो. खोलीत पाऊस पडायला लागतो, पडतो, थांबतो. कुणी बोलत नाही. नीट बघा: कॅमेरा मागे सरकत सरकत कुठे आला? खोलीत. ते तिघे दाराबाहेर राहिले आणि आत गेलो ते आपण. अडीच तास ज्या जागेची धास्ती घेतली तिथे आता आपणच आहोत आणि समोर भरपूर वेळ आहे. मग प्रत्येकाच्या मनात जे यायचं ते येतंच. परीक्षेत पहिला येऊ दे, घरच्यांचं कर्ज फिटू दे, आजीला बरं वाटू दे. आणि लगेच पाठोपाठ साळिंदर आठवतो. मी ‘आजीला बरं वाटू दे’ म्हणेन, पण खोली माझ्यात काय वाचेल? हा प्रश्न लेखकाने किंवा प्रोफेसरने संवादात विचारला असता, तर आपण तो ऐकून सोडून दिला असता. तो विचारायला पाऊस लागतो आणि पावसाला वेळ लागतो.

म्हणून मी म्हणतो, इथे संथपणा हाच मजकूर आहे. तार्कोव्हस्कीने या सिनेमाबद्दल लिहिताना म्हटलंय की सगळा सिनेमा जणू एकाच शॉटमध्ये घेतलाय असं वाटावं, ही त्याची इच्छा होती. ती बऱ्याच अंशी साधली आहे.

बऱ्याच अंशी म्हणालो, कारण सगळ्या संथपणाला मी गुण देणार नाही. त्याच्याच ‘सोलारिस’मध्ये (१९७२) टोकियोच्या रस्त्यांवरून मोटार जाताना मिनिटंच्या मिनिटं दाखवलीय. तिथे बोगदे येतात, दिवे येतात, आणि प्रेक्षकाच्या मनात काही साचत नाही. ‘स्टॉकर’मध्येही वाळूच्या ढिगांच्या दालनात लेखक जे लांबलचक स्वगत म्हणतो, ते मला जड वाटतं. कला, वाचक, स्वतःचा तिटकारा या सगळ्यावर तो बोलत सुटतो. तिथे सिनेमा दाखवायचं सोडून सांगायला लागतो. गंमत म्हणजे त्याच सिनेमाला विनोदही येतो. इतक्या वैराण जागी अचानक फोन वाजतो, लेखक उचलतो आणि ‘नाही, हे हॉस्पिटल नाही’ अशा थाटाचं उत्तर देऊन ठेवतो. हा एक फोन त्या अख्ख्या स्वगतापेक्षा मला जास्त काही देऊन गेला.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो आपल्या द्वितीय वर्षाच्या मैत्रिणींनी चर्चेत फार चांगला मांडला होता. स्टॉकरची बायको सुरुवातीला जमिनीवर तळमळते आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून सांगते की याच्याबरोबर दुःख वाट्याला येणार हे माहीत होतं, तरी पश्चात्ताप नाही. बाईने सोसायचं आणि पुरुषाने तत्त्वज्ञान करायचं, हेच ना पुन्हा? आक्षेपात तथ्य आहे. पण त्याच्या आधीचा प्रसंग विसरू नये. दोन सुशिक्षित माणसं उंबरठ्यावरून परत फिरली म्हणून स्टॉकर अंथरुणात पडून हंबरडा फोडतो: कुणाचाच कशावर विश्वास उरला नाही! ती म्हणते, मी येते तुझ्याबरोबर. तो म्हणतो, नको. तुझ्याही बाबतीत काही झालं नाही तर?

सगळ्या सिनेमात श्रद्धेचा झेंडा घेऊन फिरणारा हा माणूस, आणि ज्या क्षणी आपल्या माणसाला तिथे न्यायची वेळ येते त्या क्षणी त्याचाच विश्वास डगमगतो. त्याच्या मागोमाग तिचं बोलणं येतं. त्यामुळे मला ते सोसणाऱ्या बाईचं बोलणं वाटत नाही. तिला खोलीची गरजच नाही. आपल्याला काय हवं होतं हे माहीत असलेलं ते एकमेव माणूस आहे. अलिसा फ्रेइंदलिख ही अभिनेत्री सिगारेट पेटवून हे इतक्या साधेपणाने बोलते की आधीचे दोन तास बोलणारे पुरुष एकाएकी पोरकट वाटायला लागतात.

१९८० साली कान महोत्सवात या सिनेमाला एक्युमेनिकल ज्युरीचा, म्हणजे निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या परीक्षकांच्या मंडळाचा पुरस्कार मिळाला. त्याचं आश्चर्य वाटायला नको. वाटेत स्टॉकर लूककृत शुभवर्तमानातला अम्माऊसच्या वाटेवरचा प्रसंग पुटपुटतो. बरोबर चालणारा कोण आहे हे त्या दोन शिष्यांना ओळखू येत नाही, तो प्रसंग. आपल्या कॉलेजात तो अनेकांना पाठ असेल. पण सिनेमा प्रवचन देत नाही. श्रद्धा ठेवा असं तो सांगत नाही. श्रद्धा ठेवतो म्हणणाऱ्याची उंबरठ्यावर काय गत होते, तेवढं तो दाखवतो. त्यामुळे देव मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही तिथे बसायला सारखीच ओली फरशी मिळते.

एखाद्या सिनेमाची कीर्ती खरी की खोटी, हे बघायची माझी कसोटी साधी आहे. गोष्ट पूर्ण कळल्यावर सिनेमा बघायची गरज संपते का? वर मी ‘स्टॉकर’ची गोष्ट शेवटापर्यंत सांगितली. तरी उंबरठ्यावरचा पाऊस मला तुमच्यापर्यंत पोचवता आलेला नाही, तो तिथेच जाऊन बघावा लागेल. मोसफिल्मने हा सिनेमा आपल्या यूट्यूब चॅनलवर ठेवलाय, इंग्रजी सबटायटल्ससह. ज्यांना माझं म्हणणं अजिबात पटलं नाही, त्यांनी पुढच्या अंकात उलट बाजू जरूर लिहावी, संपादकांना मी आधीच विचारून ठेवलंय. फक्त दीडपट वेगाने पाहून लिहू नका. त्या वेगात ट्रॉली लवकर पोचते, पाऊस लवकर थांबतो आणि खोलीत उभं राहून काय मागायचं, हे ठरवायला तुम्हाला वेळच मिळत नाही.